गुन्वोरने पाडलेलं लाल घर

"अरे मेल्या, नीट श्वास तरी घे," गुन्वोर म्हणाली.

ती बोलत होती हीट पंपाशी, घर गरम ठेवणाऱ्या यंत्राशी. म्हणजे त्याच्या बाहेरच्या अर्ध्या भागाशी. उत्तरेच्या भिंतीला लागून ठेवलेला पत्र्याचा डबा आणि त्यात एक पंखा, एवढाच तो अर्धा भाग. पण डबा दिसत नव्हता. त्याच्याभोवती एक लाल घर होतं. अगदी घरासारखं घर, फक्त तिच्या छातीपर्यंत येणारं. लाल फळ्या, पांढरे कोपरे, वर गवती मातीचं छप्पर. पुढच्या बाजूला दोन खोट्या खिडक्या रंगवलेल्या आणि खिडक्यांत खोटे पडदे. आतून पंख्याची घरघर येत होती. गुन्वोर बर्फ उपसून मोकळ्या केलेल्या जागेत उभी राहून फळ्यांच्या फटींतून आत बघत होती. एकाहत्तर वर्षांची, उंच, रुंद खांद्यांची बाई. डोक्यावर नवऱ्याची कानटोपी.

आत बैठकीच्या खोलीत साडेअठरा अंश होते. गुरुवारी बावीस हवे होते. नाहीतर नवरा घरी येणार नव्हता.

नवऱ्याचं नाव एइलिफ. त्याची हयात डोंगरातल्या स्लेटच्या, पाटीच्या दगडाच्या खाणीत गेली. त्या दगडाची धूळ त्याच्या छातीत बसली ती बसलीच. सप्टेंबरात एके सकाळी बूट घालता घालता त्याचा श्वास अडकला. तेव्हापासून तो खाली दरीत, वृद्धांच्या केंद्रात होता. आता बरा होता. बरा म्हणजे नाकाला नळी आणि शेजारी ऑक्सिजनचं मशीन. नगरपालिकेची नर्स इंगविल घर बघायला आली तेव्हा तिने पहिल्यांदा शेगडीकडे बोट दाखवलं.

"ही बंद. ऑक्सिजन असलेल्या घरात विस्तव नको."

बिडाची ती शेगडी गुन्वोरच्या सासूच्या आधीपासून त्या कोपऱ्यात होती. या दरीत माणसं एकमेकांची परीक्षा त्यांनी रचलेल्या सरपणावरून करतात. गुन्वोरने शेगडीच्या दाराला तार गुंडाळली आणि पकडीने पीळ दिला.

"आणि खोली बावीस अंशांवर हवी," इंगविल म्हणाली. "थंड हवेने त्यांची छाती आखडते. बाहेर कितीही थंडी असो, आत बावीस."

"नाही झाले तर?"

"तर केंद्रातली खोली त्यांना कायमची देऊ. ती अशी अधांतरी नाही ठेवता येत, गुन्वोर. पुष्कळ लोक थांबलेत तिच्यासाठी."

"कायमची म्हणजे काय गं?"

इंगविलने हातमोजे चढवले. चांगली मुलगी होती. खोटं बोलता येत नव्हतं तिला. "मी गुरुवारी येते," ती म्हणाली. "थंडी वाढणार आहे. म्हणजे खरं काय ते कळेल."

तो सोमवार होता.

गुन्वोर ही काही घाबरणारी बाई नव्हे. आयुष्यभर तिने डोंगरातल्या शाळेची बस चालवली. सुरुवातीला कंपनीचा एक साहेब तपासणीला आला होता. बर्फात अडकल्यावर चाकांना साखळ्या चढवणं बाईमाणसाला जमायचं नाही, असं तो बसमधल्या पोरांसमोर म्हणाला. गुन्वोरने घाटाच्या मधोमध बस थांबवली. खाली उतरून चारी साखळ्या चढवल्या. साहेब जवळून बघायला खाली उतरला होता. ती वर चढली, दार लावलं आणि निघून गेली. साहेब चालत दरीत पोचला. त्यानंतर तिच्याबद्दल कोणी काही लिहिलं नाही आणि कोणी काही विचारलं नाही. तिला हे सांगायला लावलं तर ती म्हणायची, "पोरांना उशीर होत होता."

एइलिफशी लग्नही तिने असंच केलं. बापाने सांगितलं, खाणीतला माणूस लवकर मरतो. ती म्हणाली, मग वेळ घालवायला नको.

हीट पंप सप्टेंबरच्या शेवटी बसला. शेगडी बंद करायची हे तेव्हा ठरलं नव्हतं. पण दरीत आता प्रत्येकाच्या भिंतीवर एक होता, आणि सरपण फोडायला एइलिफ राहिला नव्हता. ऑक्टोबरभर तो छान चालला. खोलीत अनवाणी फिरावं असं वाटायचं. तिने तसं केंद्रात जाऊन एइलिफला सांगितलंही. "अनवाणी?" एइलिफ म्हणाला. "तू? पाय कोणाला दाखवलेस?"

मग नोव्हेंबरात गावाने तिच्याकडे दुग्नाद केलं.

दुग्नाद म्हणजे सगळ्यांनी आपापली हत्यारं घेऊन यायचं, मिळून एखादं काम उरकायचं आणि ज्याचं काम त्याने कॉफी आणि वाफल खाऊ घालायचे. मोबदल्याचं नाव काढायचं नाही. नको तर म्हणायचंच नाही. पुढाकार शेजारच्या हालस्टाइनचा होता. तो सुतार, आणि एइलिफबरोबर चाळीस वर्षं चर्चच्या गायनात शेजारी उभा राहिलेला.

"उघडा डबा भिंतीवर ठेवून तू राहतेसच कशी?" तो म्हणाला होता. "रस्त्यावरून येणाऱ्याला काय दिसतं माहितेय? दोरीवर वाळत घातलेली चड्डी दिसावी तसं दिसतं."

"मग बघू नका."

"एइलिफ येईल तेव्हा त्याला घर नीटनेटकं दिसायला हवं, गुन्वोर."

त्यावर तिने मान डोलावली. माणसं आली. गायनातले सगळे आले. हालस्टाइनच्या बायकोने, योरुनने, चष्मा लावून बारीक कुंचल्याने ते पडदे रंगवले. आपल्याच घराच्या रंगाचा उरलेला डबा वापरला. संध्याकाळी लाल घर उभं राहिलं. दरीतल्या सगळ्या हीट पंपांना अशी घरं होती, पण एवढं देखणं कुणाचंच नव्हतं. गुन्वोरने वाफलवर तपकिरी चीज ठेवून सगळ्यांना वाढलं. आभारासाठी कोणी तिच्या डोळ्यांकडे बघत नव्हतं. ते तिला आवडलं.

त्याच आठवड्यात थंडी पडली. आणि त्याच आठवड्यात खोली गार पडू लागली.

सगळ्यांनी थंडीला दोष दिला. तिनेही दिला. "बाहेरच्या हवेतून उष्णता ओढतो म्हणे तो," दुकानात हालस्टाइन म्हणाला. "बाहेर उष्णताच नाही, तर ओढणार काय? कपाळ? आमचाही असाच. थंडीत नुसता घरघरतो."

विजेचे हीटर लावून बघितले. जुनी वायरिंग. दोन लावले की फ्यूज उडायचा, आणि त्याच वायरिंगवर एइलिफचं मशीन चालायचं होतं. त्याचा फ्यूज उडून चालणार नव्हता.

तंत्रज्ञ दोन दऱ्या पलीकडे राहायचा. रोअर त्याचं नाव. नव्या वर्षाआधी त्याला वेळ नव्हता. थंडी पडली की सगळ्यांचेच पंप एकदम कुरकुरायला लागतात. पण फोनवर तो घाईत नसे.

"मोड काय ठेवलाय? ऑटो?"

"हो."

"ऑटो नको. हीटवर ठेवा. पंखा जोरात करा, पाती खाली वळवा. गरम हवा वर जाते, तिला जमिनीकडे ढकलायचं. रात्री कमी करता का?"

"करते. झोपेत कशाला जाळायचं?"

"नका करू. सकाळी त्याला पुन्हा डोंगर चढावा लागतो. एकाच आकड्यावर सोडून द्या आणि विसरा. फिल्टर धुतलेत?"

"फिल्टर कुठे असतात?"

 रोअरने सांगितलं. तिने आतल्या युनिटचं झाकण उचललं आणि दोन जाळ्या बाहेर काढल्या. त्यांच्यावर राखाडी गोधडी जमली होती. तिने त्या कोमट पाण्याने धुतल्या, वाळवल्या, परत बसवल्या. मोड बदलला. झोपायच्या खोलीचं दार लावून घेतलं, म्हणजे तिकडे उष्णता वाया जायला नको. स्वतः त्या गार खोलीत लोकरीची टोपी घालून झोपली. मंगळवारी सकाळी बैठकीत साडेअठरा झाले. तिथेच ते अडले.

"बाहेर मोकळं आहे ना?" रोअरने विचारलं. "बर्फ साचू देत नाही ना?"

"रोज खोऱ्याने काढते. आजूबाजूला एक मुठीएवढाही नाही."

"मग मात्र मला यावं लागेल. गॅस कमी झाला असेल. जानेवारीत."

"जानेवारीत कशाला येता," गुन्वोर म्हणाली आणि फोन ठेवला.

तर मंगळवारच्या त्या सकाळी ती लाल घरासमोर उभी राहून आतल्या यंत्राला शिव्या देत होती. उणे चौदा होतं. उत्तरेकडच्या हिवाळ्यातला सूर्य डोंगराच्या कडेवर जेमतेम टेकून पुन्हा खाली जायच्या बेतात होता. इतक्यात पंखा थांबला. सुं असा आवाज झाला. यंत्र स्वतःवरचा बर्फ वितळवत होतं. हे तिला रोअरने सांगितलं होतं, तेव्हा ती घाबरली नाही. आतून वाफ उठली. फळ्यांच्या फटींतून, खोट्या खिडक्यांच्या कडांतून पांढरी वाफ हळूहळू बाहेर यायला लागली. जसं आत कोणी कॉफी उकळत बसलंय.

मग पंखा सुरू झाला.

ती वाफ अंगणात जायला हवी होती. गेली नाही. ती पुढच्या फळ्यांवर आदळली, वळली आणि बाजूने फिरून यंत्राच्या पाठीमागून पुन्हा आत ओढली गेली. गुन्वोर बघत राहिली. वाफ विरली, तरी ती तशीच बघत होती.

ती घरात गेली. एइलिफसाठी विणत असलेल्या मोज्यातून लाल लोकरीचा धागा तोडला, काठीच्या टोकाला बांधला, आणि काठी फटीतून पंख्यासमोर धरली. धागा ताठ झाला. फळीला लागला. मग तो मागे वळला आणि यंत्राच्या कडेने मागच्या बाजूला खेचला जाऊ लागला. तिने काठी हलवली. दुसऱ्या फटीतून घातली. तेच. धागा बाहेर जायलाच तयार नव्हता.

मग तिने दोन थर्मामीटर आणले. एक अंगणातल्या बर्चच्या झाडाला टांगला, एक लाल घराच्या आत. पाच मिनिटांनी बर्चवर उणे चौदा होतं. लाल घरात उणे वीस.

यंत्र बाहेरच्या हवेतून उष्णता शोषून उरलेली गार हवा पुढे फेकत होतं. तीच हवा फिरून पुन्हा त्याच्या तोंडात जात होती. त्याच त्या उष्ट्या हवेतून ते पुन्हा पुन्हा उष्णता काढू बघत होतं. आणि स्वतःच्याच वाफेने गोठत होतं.

तिने रोअरला फोन केला.

"भोवती घर आहे?" रोअर ओरडला. "अहो, तुम्ही म्हणालात मोकळं आहे!"

"मोकळंच आहे. घराच्या आजूबाजूला बर्फ नाही."

"गुन्वोर, ते काढा. आजच्या आज."

"ते काढता येत नाही."

"का? स्क्रूने लावलंय की खिळ्यांनी?"

"लोकांनी लावलंय," गुन्वोर म्हणाली.

 रोअरही त्याच मुलखातला होता. "हं," तो म्हणाला. "त्यात मी काय बोलणार."

ती हालस्टाइनकडे गेली. बूट दारात काढले, स्वयंपाकघरात बसली. योरुनने न विचारता कॉफी ओतली. शेगडीत बर्चची लाकडं तडतडत होती. गुन्वोरने थर्मामीटरचं सांगितलं, धाग्याचं सांगितलं. हालस्टाइन ऐकत होता. त्याचं तोंड हळूहळू बंद झालं, जसं कुलूप लागतं.

"मी फटी सोडल्यात," तो म्हणाला. "बोटभर."

"बोटभर पुरत नाहीत."

"माझ्या पंपाभोवती असंच घर आहे. कितीतरी वर्षं झाली. माझं घर गार आहे का? बघ. घाम येतोय तुला."

"तुझी शेगडी पेटलेली आहे, हालस्टाइन. सगळ्यांच्या शेगड्या पेटलेल्या आहेत. म्हणून कुणाला कळलं नाही. पंप चालतोय की नुसता घरघरतोय, कोण बघतंय? माझी शेगडी तारेने बांधली आहे."

योरुन खिडकीकडे बघत होती. "पडदे छान झाले होते," ती म्हणाली. कोणाला उद्देशून ते कळलं नाही.

"असं कर," हालस्टाइन म्हणाला. "वसंतात बघू. आता सगळं गोठलंय. छपराची माती दगड झालीय. उचलायला गेलो तर मोडेल. वसंतात मी स्वतः पुढच्या दोन-चार फळ्या काढतो. हवा जाईल."

"गुरुवारी इंगविल येणार आहे."

"तिच्याशी बोलू आपण. मी बोलतो. माणसंच आहेत तीही."

"ती माणूस आहे म्हणूनच बावीस सांगते," गुन्वोर म्हणाली. "एइलिफची छाती वसंताची वाट बघणार नाही."

तिने कॉफी संपवली. कॉफी अर्धी टाकून उठणं तिला या घरात जमलं नसतं. मग बूट घातले.

बुधवारी उजेड पडल्यावर ती अंगणात आली. पहार, कुऱ्हाड, ड्रिल. आधी तिने स्क्रू काढायचा प्रयत्न केला. रंगाखाली गोठलेला स्क्रू फिरेना. ड्रिलचं टोक घसरलं आणि पांढऱ्या कोपऱ्यावर लांब ओरखडा उठला. ओरखडा बघून तिला एकदम मोकळं वाटलं. तिने पहार फटीत घातली आणि अंगाचा भार टाकला.

आवाज बंदुकीसारखा झाला. पलीकडच्या डोंगरावरून परत आला. दरीतल्या दोन खिडक्यांचे पडदे हलले. ते खरे पडदे होते.

तिसऱ्या फळीला हालस्टाइन आला. टोपी न घालताच.

"गुन्वोर! थांब. थांब म्हणतो ना!"

"बाजूला हो, लागेल."

"माणसं बसून बोलतात आधी."

"काल बसलो. कॉफी प्यायलो."

"गायनातली सगळी माणसं आली होती इथे. त्या म्हाताऱ्या तूरस्टाइनला गुडघा वाकवता येत नाही, तोही आला. योरुनने चष्मा लावून..."

"पडदे सुंदर आहेत. सांग तिला."

"तू सांग!"

"मला वेळ नाही." तिने चौथ्या फळीत पहार घातली. "हा कोपरा धर. धरतोस का?"

त्याने धरला नाही. हात बगलेत घालून उभा राहिला. त्याचे कान लाल झाले होते. गुन्वोरने कुऱ्हाडीने छपराची माती फोडली. गोठलेल्या गवताचे तुकडे उडाले. एक त्याच्या छातीवर लागला. त्याने तो झटकलाही नाही.

"आणि यंत्रच बिघडलेलं असेल तर?" तो म्हणाला. "घर मोडून खोली गारच राहिली तर? मग काय करशील?"

"मग यंत्र मोडीन."

"तू नेहमी अशीच. एइलिफ म्हणायचा तुझ्याबद्दल."

"काय म्हणायचा?"

 हालस्टाइन जरा पुढे आला. आवाज खाली आणला. ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं.

"ऐक. गावाने दिलेलं तू गावासमोर फोडतेयस. यापुढे तुझ्या अंगणात कोणी हातोडा घेऊन येणार नाही. बर्फात गाडी रुतली तरी नाही. कळतंय का तुला?"

गुन्वोरने पहार टेकवली. धापा टाकत होती. श्वासाचा पांढरा ढग तिच्या तोंडासमोर उठून निघून जात होता.

"नको येऊ दे कोणी," ती म्हणाली. "मला एकच माणूस यायला हवाय."

  हालस्टाइन वळला आणि आपल्याच पावलांच्या खुणांवर पाय ठेवत परत गेला.

पुढचा भाग, खोट्या खिडक्यांचा, तिने फोडला नाही. तो तिच्याने फुटेना. तिने चारी बाजूंनी पहार घालून तो अख्खा सोडवला, बर्फावरून ओढत नेला आणि हालस्टाइनच्या कुंपणाला टेकवून ठेवला. पडदे त्याच्या घराकडे करून. दुपारी बघितलं तेव्हा तो तिथे नव्हता. कोणी आत नेला, की सरपणात टाकला, तिला कधी कळलं नाही.

डबा उघडा पडला. ओंगळच दिसत होता. खालच्या ताटलीत बर्फाचा ठोकळा जमून पंख्याला भिडायला आला होता. मागच्या जाळीवर पांढरी साय धरली होती. रोअरला विचारून तिने आधी यंत्र बंद केलं. मग कोमट पाण्याच्या किटल्या आणून ओतत राहिली. कुऱ्हाडीकडे हात जायचा, ती मागे घ्यायची. जाळीची पाती नखाने वाकतील इतकी मऊ होती. हातमोजे भिजून गोठले आणि लाकडासारखे वाजू लागले. शेवटी ठोकळा सुटला. तिने तो दोन्ही हातांनी उचलून दूर फेकला.

यंत्र चालू केलं. पंखा फिरला. तिने काठीवरचा धागा पुढे धरला. धागा सरळ अंगणाच्या दिशेने ताठ झाला आणि तसाच राहिला.

घरात मात्र लगेच काही झालं नाही. भिंती गार, सोफा गार, पुस्तकं गार. हालस्टाइन म्हणाला ते खरं असेल, असं तिला त्या संध्याकाळी पहिल्यांदा वाटलं. एकोणीस झाले. तिने थर्मामीटर पालथा घातला आणि बटाटे सोलायला बसली.

गुरुवारी उणे एकोणीस होतं. इंगविल आली तेव्हा तिच्या पापण्यांवर दहिवर होतं. तिने बूट काढले, मोजे घातलेल्या पायांनी खोलीच्या मधोमध येऊन उभी राहिली. पिशवीतून आपलं मोजायचं यंत्र काढलं. आकडा बघितला आणि तिचा चेहरा उतरला.

"किती?" गुन्वोरने विचारलं.

"अकरा."

"अकरा?"

"थांबा, थांबा." इंगविल स्वतःच हसली. "हे गाडीत होतं रात्रभर. यालाच थंडी वाजलीय. ठेवू जरा."

तिने ते टेबलावर ठेवलं. दोघी समोरासमोर बसल्या. गुन्वोरने कॉफी दिली. कोणी आकड्याकडे बघत नव्हतं आणि दोघीही बघत होत्या.

"केंद्रात सगळ्यांना कळलंय," इंगविल म्हणाली. "तुम्ही ते घर फोडल्याचं."

"एइलिफलाही?"

"त्यांना सर्वात आधी. कोणीतरी फोन केला होता."

"काय म्हणाला?"

"म्हणाले, कुऱ्हाड कुठली वापरली? लहान की मोठी?"

गुन्वोरने कपावर बोट फिरवलं. आकडा एकोणीस झाला. वीस झाला. एकवीस. बाहेर सूर्य डोंगरामागे गेला. एकवीस पूर्णांक सात. इंगविलने खुर्ची सरकवली. बावीस. आणि त्याच क्षणी भिंतीवरचं युनिट गप्प झालं. गरम वारा थांबला.

"काय झालं?" इंगविल म्हणाली.

"बर्फ झटकतंय अंगावरचा. होतं ते."

एकवीस पूर्णांक नऊ. आठ.

  विनवणी करायची नाही, हे गुन्वोरने बसच्या दिवसांपासून ठरवलेलं होतं. तिने हात मांडीवर ठेवले. खिडकीतून दिसत होतं, उघड्या डब्यातून वाफेचा लोट उठला आणि अंगण ओलांडून थेट बर्चच्या झाडांत गेला. एकदाही मागे वळला नाही. मग पंखा फिरला. खोलीत पुन्हा वारा आला. गुन्वोरच्या कपाळावरचे केस हलले. आठ. नऊ. बावीस. बावीस पूर्णांक दोन.

इंगविलने आणखी एक कप कॉफी मागितली. ती प्यायली. मग पुन्हा आकडा बघितला आणि केंद्राला फोन लावला.

"एइलिफना आणता येईल," ती म्हणाली. "हो, शनिवारी. हो, मी इथेच आहे. हो, गरम आहे."

शनिवारी गाडी आली. दोन माणसांनी एइलिफला खुर्चीसकट उचलून पायऱ्यांवर चढवलं. आधी असं काही असलं की हालस्टाइन आणि आणखी चार जण अंगणात उभे असायचे. त्या दिवशी कोणी नव्हतं. हालस्टाइन पायाने रेटायच्या आपल्या घसरगाडीवर उभा राहून रस्त्यावरून गेला. एक पाय पट्टीवर, एक पाय बर्फावर. त्याने मान वळवली नाही. गुन्वोरने हात वर केला. त्याने वळून बघितलं असतं तर हात दिसला असता. हालस्टाइन वळणावर दिसेनासा होईपर्यंत तिने हात तसाच ठेवला.

एइलिफ खिडकीजवळच्या खुर्चीत बसला. बारीक झाला होता. नाकाला नळी, शेजारी मशीनची फुसफुस. त्याने खोलीभर नजर फिरवली, तारेने बांधलेल्या शेगडीवर थांबवली, मग बाहेर बघितलं. भिंतीपाशी फोडलेल्या फळ्यांचा ढीग पडला होता. डबा पांढरा आणि उघडा.

"ओंगळ आहे," तो म्हणाला.

"आहेच."

"हालस्टाइनला वाईट वाटलं असणार."

"खूप."

"माफी मागितलीस?"

"कशाची?"

एइलिफ हसायला लागला. हसता हसता खोकला आला. गुन्वोर उठली, पण त्याने हात वर करून थांबवलं. खोकला थांबला. तो बराच वेळ नुसता श्वास घेत राहिला. आत, बाहेर. ती मोजत नव्हती, पण ऐकत होती.

"वसंतात त्याच्याकडे जाशील?" त्याने विचारलं.

"तो आला तर दार उघडीन. मी जाणार नाही."

"योरुनकडे?"

 गुन्वोरने मोजा हातात घेतला. टाके सुटलेले पुन्हा सुईवर घेतले.

भिंतीवरून गरम वारा येत होता. एइलिफने स्वेटरचं वरचं बटण सोडलं. मग दुसरं. रिमोट तिच्या बाजूला टेबलावर होता. त्याने त्याकडे बघितलं.

"गुन्वोर, जरा जास्तच गरम होतंय गं."

"सहन कर," गुन्वोर म्हणाली.